अडीचची पिन: बिनतारी रिमोट ट्रिगर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

लांबून कॅमेऱ्याचं शटर दाबणाऱ्या या रिमोटला आधी पाचपैकी दोन तारे दिले होते, आज चार करतोय. तेव्हा कापलेले तारे रिमोटच्या नावावर गेले, पण दोष त्याचा नव्हता. रिमोट बिनतारी असला तरी कॅमेऱ्याला जोडायला केबल लागतेच, आणि दोष सोबत आलेल्या त्या केबलच्या अडीच मिलिमीटरच्या पिनेचा होता, म्हणून पुढचं बहुतेक सगळं त्या पिनेबद्दलच आहे.

रेंज आणि टायमरचं आधी उरकतो. हतनूर धरणाच्या काठावर पन्नास-साठ पावलांवरून सिग्नल सुटत नाही. तोरणमाळला ताऱ्यांच्या रेषांसाठी रात्रभर तीस-तीस सेकंदांचे शॉट लावले तरी टायमर चुकत नाही. विषय संपला.

आता लक्षण. बटण अर्धं दाबलं की फोकस होतो, पूर्ण दाबलं की काहीच नाही. सगळे रिमोटचे सेल बदलतात, चॅनल बदलतात. पण कॅनॉनच्या २.५ मिमी सॉकेटमध्ये पिनेचं टोक म्हणजे शटर, मधलं कडं म्हणजे फोकस आणि मागचा दांडा म्हणजे कॉमन, दोघांचा सामायिक जोड. रिमोट फक्त यांना कॉमनशी शॉर्ट करतो, बाकी कॅमेराच सगळं करतो. पिन जेमतेम एक मिलिमीटर बाहेर राहिली तर टोकाचा स्पर्श सुटतो आणि कड्याचा राहतो. फोकस होतो, क्लिक होत नाही, ते यामुळे.

पिन बाहेर का राहते? तिच्या मागचा रबरी गळा जाड असतो. कॅमेऱ्याचं सॉकेट खोलगट जागेत बसलेलं असतं, गळा कडेला अडतो आणि शेवटचं ‘टक्’ येतच नाही. इलाज धारदार ब्लेडचा: पिनेला लागून असलेल्या गळ्याची कड चारी बाजूंनी थोडी थोडी तासायची, मध्ये मध्ये घालून बघायची. आतली तार दिसेपर्यंत जायचं नाही.

नवी केबल घेणार असाल तर नावांचा घोळ आधी समजून घ्या, पैसे इथेच वाया जातात. कॅनॉनची स्वतःची नावं दोन: ‘ई३’ म्हणजे २.५ मिमी पिन (८०डी, ९०डी, २००डी, १५००डी, आर६, आर७), आणि ‘एन३’ म्हणजे तीन काड्यांचं गोल, लॉक होणारं टोक (५डी आणि ७डी मालिका, आर५). पण काही कंपन्या पाकिटावर ‘एन३’ लिहितात तेव्हा त्यांना निकॉन कॅमेऱ्यांची डीसी२ नावाची पिन म्हणायची असते, आणि कॅनॉनच्या एन३ ला त्या ‘सी३’ म्हणतात. त्याच पद्धतीत ‘सी१’ म्हणजे कॅनॉनची अडीचची पिन. म्हणून अक्षरावर जाऊ नका, पाकिटावर आपल्या कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर शोधा. तो नसेल तर पाकीट परत ठेवा.

निकॉनवाल्यांना वेगळा त्रास आहे. डी५६००, डी७५००, झेड६ ला डीसी२ लागते, आणि तिच्या जागी चालेल अशी पिन बाजारात सहसा सुटी मिळत नाही. तिथे तयार केबलच घ्या. स्वतः जोडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की बऱ्याच निकॉनला नुसतं शटर शॉर्ट करून चालत नाही, फोकसची तारही सोबत लागते. सोनीच्या ए६४०० चं सॉकेट साध्या मायक्रो यूएसबीसारखं दिसतं, पण त्यात जास्तीचे संपर्क आहेत. मोबाइलची जुनी केबल आत जाते, क्लिक मात्र करत नाही. पॅनासॉनिकच्या जीएच५ ला पिन अडीचचीच, पण चार भागांची, आणि आत रेझिस्टर लागतात. कॅनॉनची केबल तिथे घालून वेळ घालवू नका.

कॅनॉनवाल्यांचं काम सुटी पिन घेऊन केबलला जोडली की स्वस्तात होतं. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये ‘अडीचची, तीन भागांची’ असं नेमकं सांगा, नाहीतर हातात हेडफोनची साडेतीनची येते. पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा: दोन रेघा म्हणजे तीन भाग, तीन रेघा म्हणजे चार. जुन्या नोकियाच्या हँड्सफ्रीची अडीचची पिन चार भागांची असते, ती टाळा.

डाग मारताना, म्हणजे सोल्डर करताना, पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवा. सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकली की आतलं प्लास्टिक वितळतं आणि टोक वाकडं होतं. सॉकेटमध्ये असेल तर जागेवर राहतं. तारेच्या रंगावर भरवसा नको. काही तारांवर लाखेचा थर असतो, तो खरवडल्याशिवाय डाग धरतच नाही. शेवटी मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो, त्यावर) ठेवून तपासा: अर्धं दाबल्यावर कडं आणि दांडा वाजला पाहिजे, पूर्ण दाबल्यावर टोक आणि दांडा. बटण न दाबता काहीही वाजलं तर ती पिन कॅमेऱ्यात घालू नका, फोकस किंवा शटर आपोआप चालू होईल.

मे महिन्यानंतरची भर: मूळ केबलबद्दल आधी ‘तासली की उत्तम’ असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. भुसावळच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली की पिनेमागचं आवरण मऊ पडतं, वाकलेल्या जागी तार आतून तुटते, आणि केबल हलवली तरच क्लिक होतो. नवी पिन लावून तिच्या मागे दीड इंच हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली, तेव्हापासून त्रास नाही. एल आकाराची पिन कमी वाकते, पण घेण्याआधी पाहा की ती शेजारच्या माइकच्या सॉकेटवर आडवी येत नाही ना. आणि अडीचला साडेतीनचा जोड लावणारी लांबुळकी अडॅप्टरं कॅमेऱ्यात लटकवू नका. त्यांच्या वजनाने सॉकेट ढिलं होतं, आणि ते बदलायला कॅमेरा उघडावा लागतो.

पाचवा तारा राखून ठेवलाय, कारण याची मूळ केबल वेगळी मिळत नाही, पूर्ण संचच घ्यावा लागतो.