पुण्यात गिग (लाइव्ह कार्यक्रम) की घरात रेकॉर्डिंग?

भावांनो, बँड कोल्हापूरच्या बाहेर पोचवायचा तर दोनच रस्ते दिसत्यात. एक म्हणजे पुण्याला जाऊन वाजवायचं, एनएच७ वीकेंडर हे म्युझिक फेस्टिव्हल २०१० ला तिथंच सुरू झालं, ऐकणारं पब्लिक हाय, पण सव्वादोनशे किमी ड्रमकिट गाडीत कोंबून जायचं आणि मिळालेलं मानधन डिझेल नि टोलातच जातंय, तरी समोर अनोळखी माणसं असतात हे लई महत्त्वाचं, इथं टाळ्या वाजवणारे निम्मे मावसभाऊच. दुसरं, त्याच पैशात दोन गाणी नीट रेकॉर्ड करून यूट्यूबला टाकायची. आमच्या बेसवाल्यानं भिंतीला गादी लावून व्होकल घेतलं, मागं कुकरची शिट्टी आली ती तशीच ठेवली. मी आधी रेकॉर्डिंगच म्हणीन, गिगवाले पहिल्यांदा लिंकच मागतात.