नवोदित कलाकार विभाग: कान तयार, करार जड

मी पाठवलेल्या ३ गाण्यांपैकी नेमके दुसरे निवडून त्याचे ध्रुवपद १५ सेकंद अलीकडे आणायला सांगितले, तेव्हाच या रेकॉर्ड लेबलच्या (गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीच्या) नवोदित कलाकार विभागात जाणकार माणसे आहेत हे लक्षात आले. त्यांनी संगीत संयोजक जोडून दिला आणि मला अर्धी पट्टी खाली गायला लावले. दोन्ही निर्णय योग्य ठरले. करार मात्र सावकाश वाचावा, कारण आगाऊ रक्कम ही बक्षिसी नसून रॉयल्टीतून, म्हणजे गाण्याच्या कमाईतल्या कलाकाराच्या वाट्यातून, वळती होणारी उचल असते, आणि ध्वनिमुद्रणाचा खर्चही बहुधा त्याच खात्यात चढतो. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी लेबलकडेच राहणार, हे मला दुसऱ्या वाचनात उमगले. पहिले उत्तर यायला ४ महिने लागले, तेही स्मरणपत्रानंतर. (१९६२ मध्ये डेक्का या लेबलने नाकारलेल्या बीटल्स या बँडला त्याच वर्षी पार्लोफोन या दुसऱ्या लेबलने घेतले, हे आठवून मी तग धरला.)