सुत्रो बाथ्स, सॅन फ्रान्सिस्को : मुलांकडं गेलात तर एक सकाळ इथं द्याच

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच आईवडील सध्या मुलांकडं कॅलिफोर्नियात जाऊन राहतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गोल्डन गेटचा पूल मुलं दाखवतातच. शहर जिथं संपतं त्या लँड्स एंडला सुत्रो बाथ्सचे, म्हणजे समुद्राच्या पाण्यानं भरणाऱ्या जुन्या सार्वजनिक स्नानगृहाचे, अवशेष आहेत, तिथं मात्र आपण हट्ट धरून जावं लागतं. ‘बाबा, नुसत्या पडक्या भिंती आहेत हो तिथं,’ असं आमची लेक म्हणाली. भिंती पडक्याच आहेत. पण माझी सगळी नोकरी बेळगावच्या पाणीपुरवठ्यात गेली. राकसकोप जलाशयाचं पाणी हिंडलग्याच्या पंपघरातून शहराला चढवायचं म्हणजे मोटार, व्हॉल्व्ह आणि वीज गेली की जिवाला घोर. समुद्र आपणहून हौद भरून देत होता, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

अडॉल्फ सुत्रो मूळचा प्रशियातला, आखनचा. नेवाडातल्या चांदीच्या खाणींत पाणी साचायचं, ते काढून द्यायला त्यानं डोंगराखालून जवळजवळ चार मैलांचं भुयार खोदलं. त्यातनं पैसा झाला, तो त्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या जमिनीत घातला, पुढं तो शहराचा महापौरही झाला. १८९६ साली या कड्याखाली त्याचं काचेच्या छताचं स्नानगृह लोकांसाठी उघडलं. आत सात हौद होते, त्यातले सहा खाऱ्या पाण्याचे. काही कोमट, तर एक समुद्राइतकाच गार. एका वेळी दहा हजार माणसं मावतील एवढी जागा. पोहण्याचे कपडे आणि टॉवेल तिथंच भाड्यानं मिळायचे. सामान्य माणसाला परवडावं म्हणून सुत्रोनं पाच सेंटांत इथवर आणणारी रेल्वेही काढली. हा माणूस मला मनापासून आवडला.

आता पाण्याचं सांगतो. भरतीला लाटा खडकावरून आत येत आणि तिथून पाणी थेट हौदांत. सगळं मिळून सत्तर लाख लिटरच्या आसपास, आणि ते तासाभरात बदललं जायचं. ओहोटीला समुद्रपातळीवरच्या गुहेत बसवलेला पंप चालू करत, तो मिनिटाला सहा हजार गॅलन, म्हणजे बावीस हजार लिटरच्या वर पाणी द्यायचा. पाच तासांत हौद भरत, असं सांगतात. मी कठड्यावर बसून गुणाकार करून बघितला, बरोबर जमतो. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही आखणी आहे! उभं राहून बघितलं की कुठून पाणी घ्यायचं आणि कुठं न्यायचं, ते भिंतींच्या रेषांवरून आजही कळतं. काँक्रीटवरचा गिलावा गेलाय, आतला खडा उघडा पडलाय, मधेमधे गंजलेलं लोखंड दिसतं. पण सिंधूदुर्ग-वेंगुर्ल्याकडं खाऱ्या वाऱ्यानं दहा-पंधरा वर्षांत स्लॅब कसे फुगतात ते आपण बघतो. त्या मानानं ही भिंत अजून उभी आहे, याचं मला फार कौतुक वाटलं.

इथली आणखी एक गोष्ट आपल्या माणसांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. १८९७ साली जॉन हॅरिस नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला इथं पाण्यात उतरू दिलं नाही. त्यानं कोर्टात दावा लावला, जिंकला, आणि शंभर डॉलर भरपाई मिळवली. आपल्याकडं महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच्या तीस वर्षं आधी तिकडं एक माणूस पाण्याच्या हक्कासाठी एकटा उभा राहिला होता. नातीला मी दोन्ही गोष्टी तिथंच बसून सांगितल्या. तिला महाड ठाऊक नव्हतं.

पुढची हकीकत लवकर संपते. एवढी मोठी वास्तू चालवणं परवडेना, मग हौदाचं बर्फावर घसरायचं मैदान झालं. शेवटी जागा बिल्डरांकडं गेली. पाडकाम चालू असताना १९६६ साली आग लागली आणि सगळं जळालं. तिथं इमारती उठणार होत्या, त्या उठल्या नाहीत. आता ही जागा गोल्डन गेट नॅशनल रिक्रिएशन एरियात आहे, म्हणजे सरकारी, सगळ्यांची. तिकीट नाही. हौदाचं तळं झालंय आणि त्यात पक्षी पोहतात. कुणी नवं काचघर बांधलं नाही, रंग फासला नाही, हे मला फार योग्य वाटतं. आपल्याकडं जुनी विहीर दिसली की ज्यांना लगेच फरशी आणि कारंजं बसवायची घाई होते, त्यांनी एकदा हे बघावं.

जायचं कसं : गिअरी रस्त्याची ३८ नंबरची बस जवळ सोडते. आधी वरच्या लुकआउट नावाच्या माहिती केंद्रात जुने फोटो बघा, मग खाली उतरा, नाहीतर काय कुठं होतं याचा पत्ता लागत नाही. स्वच्छतागृह वरच आहे. पायऱ्या पुष्कळ आहेत, गुडघे दुखत असतील तर वरूनही सगळं दिसतं. जुलै असला तरी धुकं आणि बोचरा वारा असतो, स्वेटर आणि कानटोपी न्याच. भिंतींवर चढू नका, शेवाळ असतं आणि लाट कधी वर येईल सांगता येत नाही. लहान पोरांचा हात सोडू नका. भरतीची वेळ मोबाइलवर आधी बघून निघा, पाणी खडकावर कसं चढतं ते तेव्हाच दिसतं.