११ महिने वापरल्यावर: स्टोरेज उत्तम, पण स्नॅपशॉट रिझर्व्ह ही भिंत नाही

आमच्या कंपनीच्या फाइल्स ठेवणारा स्टोरेज बॉक्स: ड्युअल कंट्रोलर, ऑल फ्लॅश, वापरायला २० टीबी. बाकीचे स्पेक्स ज्यांना हवेत त्यांच्याकडे माहितीपत्रक असतंच. कंपनीचं नाव घेत नाही, कारण सर्व्हिसवाल्यांशी आमचा वाद अजून मिटलेला नाही. शिवाय जे सांगायचंय ते दुसऱ्या कंपनीचा बॉक्स असणाऱ्यांच्याही कामाचं आहे.

आमचं युनिट भोसरी एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणारं. बॉक्सवर दोन मोठी कामं आहेत: डिझाइनवाल्यांचं फाइल शेअर आणि ईआरपी, म्हणजे स्टॉक, बिलं, डिस्पॅच सांभाळणारं सॉफ्टवेअर. ईआरपीचा पोस्टग्रेस डेटाबेस लिनक्स सर्व्हरवर चालतो आणि त्याच्या फाइल्स नेटवर्कवरून (एनएफएसने) या बॉक्सवरच्या ४ टीबीच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे जागेच्या वेगळ्या कप्प्यात, असतात. वेगाबद्दल तक्रार नाही. आधीच्या डिस्कच्या बॉक्सवर महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट काढायला लावून लोक जेवायला जायचे, आता चहा संपायच्या आत येतो. ११ महिन्यांत एक पॉवर सप्लाय गेला, तो दुसऱ्या दिवशी बदलून मिळाला.

पहिले चार महिने मी या बॉक्सवर निव्वळ खूश होतो, आणि त्याचं कारण स्नॅपशॉटच होतं, म्हणजे व्हॉल्यूम एका क्षणी जसं होतं तशी बॉक्सनेच जपून ठेवलेली स्थिती. एका शुक्रवारी डिझाइनमधल्या मुलीचा फोन आला. तिने नवीन रिव्हिजनचं फोल्डर जुन्यावर कॉपी केलं होतं आणि ४०० च्या वर ड्रॉइंग्ज पुसली गेली होती. ग्राहकाचं ऑडिट सोमवारी. पूर्वी अशा वेळी टेप शोधण्यापासून सुरुवात व्हायची आणि संध्याकाळ तिथेच जायची. मी तिला म्हटलं, फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ उघडा. सकाळी ११ ची प्रत तिथे होती. चार मिनिटांत फोल्डर परत. ती फोनवर काही क्षण बोललीच नाही, मग म्हणाली, “सर, सगळं आलं.” त्या दिवशी मला वाटलं, या बॉक्सचे पैसे वसूल झाले.

त्याच आनंदात मी सगळ्या व्हॉल्यूमवर रोजचे स्नॅपशॉट ७ ऐवजी १४ दिवस ठेवायला सांगितले. आठव्या दिवशी ईआरपी बंद पडलं.

सकाळी साडेनऊला डिस्पॅचच्या काकांचा फोन: “साहेब, ई-वे बिल निघत नाही, गाडी गेटवर उभी आहे.” पाहतो तर ४ टीबीचं व्हॉल्यूम पूर्ण भरलेलं. पोस्टग्रेसला लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) लिहायला जागा उरली नाही की ते काम थांबवून बंद होतं, आणि ते योग्यच आहे, डेटा तरी सांभाळला जातो. पण आमचा चालू डेटा होता १.३ टीबी. मग ४ टीबी भरलं कशाने?

मी घाईत आधी जुने डंप (डेटाबेसच्या फाइलमध्ये काढलेल्या पूर्ण प्रती) आणि टेपवर आधीच गेलेली स्कॅन केलेली बिलं उडवली. रिकाम्या जागेचा आकडा तसूभरही हलला नाही. का, ते नंतर डोक्यात आलं. स्नॅपशॉट घेतला म्हणजे त्या क्षणाच्या ब्लॉक्सवर (डेटा ज्या तुकड्यांत साठवला जातो त्यांवर) हात ठेवला. फाइल तुम्ही उडवली तरी ब्लॉक स्नॅपशॉटच्या ताब्यातच राहतात, फक्त ‘डेटा’ या खात्यातून ‘स्नॅपशॉट’ या खात्यात जातात. एकूण बेरीज तीच.

सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावला. अर्ध्या तासाने त्यांचं उत्तर: “सर, एक शेल्फ (जागा वाढवणारा जोडबॉक्स) टाकून घ्या, टेन्शन नको.” शेल्फचं कोटेशन त्याच दुपारी मेलवर आलं, ९ लाख आणि वर १८ टक्के जीएसटी. जागा कुणी खाल्ली हे कुणी पाहिलंही नव्हतं. त्याचा राग आजही आहे. आमच्यासारख्या युनिटमध्ये ९ लाख म्हणजे एका मशीनचा डाउन पेमेंट असतो.

मग मी स्वतः यादी उघडली. प्रत्येक स्नॅपशॉटसमोर त्याचा आकार होता: ६ जीबी, ९ जीबी, ७ जीबी. फक्त सगळ्यात जुन्यासमोर १६५. सगळ्यांची बेरीज ३०० जीबीच्या आत, आणि एकूण स्नॅपशॉट वापर मात्र २.७ टीबी! मधला एक उडवून पाहिला, सुटले ६ जीबी. हे कोडं सोडवायला मला पाऊण तास लागला.

आमचा रोजचा डेटाबेस डंप १५० जीबीचा. तो त्याच व्हॉल्यूमवर पडतो आणि दोन दिवसांनी पुसला जातो. म्हणजे प्रत्येक डंप रोजच्या दोन स्नॅपशॉटमध्ये सापडतो. यादीतला आकार म्हणजे ‘फक्त याच स्नॅपशॉटकडे असलेले ब्लॉक’. दोघांत वाटलेले १५० जीबी कुणाच्याच नावावर लागत नाहीत. झेडएफएस या फाइल सिस्टीममध्येही ‘यूज्ड’ हा रकाना असाच चालतो, त्यामुळे हा काही याच बॉक्सचा दोष म्हणता येणार नाही. टोकाला असलेल्या सगळ्यात जुन्याचा जोडीदार मुदत संपून गेलेला असतो, म्हणून त्याच्यासमोर खरा आकडा दिसतो. उडवायचं तर जुन्या टोकाकडूनच. मी जुने चार उडवले. जागा लगेच सुटत नाही, बॉक्स मागे सफाई करतो. वीस मिनिटांनी साडेसहाशे जीबी मोकळे झाले, ईआरपी उठलं आणि गाडी गेटबाहेर पडली.

त्या रात्री बसून हिशेब केला. स्नॅपशॉटमध्येच अडकलेले डंप १३, म्हणजे १,९५० जीबी. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून ईआरपीवाल्यांनी बुधवारी रात्री ‘व्हॅक्यूम फुल’ (पोस्टग्रेसमधली वाया गेलेली जागा परत मिळवणारी सफाई) लावून ठेवलं होतं. ते टेबल नव्याने लिहून काढतं, दर वेळी जुनी प्रत २७० जीबी, अशा दोन. आणि लोकांच्या खऱ्याखुऱ्या कामामुळे होणारा बदल रोज १५ जीबी, चौदा दिवसांचा २१० जीबी. बेरीज बरोबर २,७०० जीबी. माणसांनी केलेलं काम २१०, बाकी सगळं आमच्याच शेड्यूलने निर्माण केलेलं ओझं.

स्नॅपशॉटला जागा किती ठेवायची हे व्हॉल्यूमच्या आकारावर ठरवू नका. रोज किती बदलतं गुणिले किती दिवस ठेवायचं, एवढंच धरा. नवीन फाइल्सची नुसती भर पडत असेल तर स्नॅपशॉट जवळजवळ फुकट असतात. महाग पडतं ते पुसणं आणि पुन्हा लिहिणं.

आता त्या एका गोष्टीबद्दल, जिच्यापायी मी हे सगळं लिहायला बसलो. या बॉक्सच्या मुख्य पडद्यावर व्हॉल्यूमची एकच निळी पट्टी आहे. डेटा किती, स्नॅपशॉट किती, काही वेगळं दिसत नाही. ते पाहायला तीन पडदे आत जावं लागतं. तिथे गेलो तेव्हा दिसलं, ‘स्नॅपशॉट रिझर्व्ह वापर ३३७ टक्के’. रिझर्व्ह म्हणजे स्नॅपशॉटसाठी राखून ठेवलेली जागा; आम्ही तो २० टक्के ठेवला होता, ८०० जीबी. मी इतके महिने समजत होतो की ८०० भरले की स्नॅपशॉट थांबतील. थांबत नाहीत. डेटाच्या जागेत शिरतात. नेटअ‍ॅप कंपनीच्या बॉक्समध्येही रिझर्व्ह मूळ सेटिंगला ५ टक्के असतो आणि तो ओलांडून स्नॅपशॉट डेटाच्या जागेत जाऊ शकतात, हे त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. लिनक्सच्या जुन्या पद्धतीच्या एलव्हीएममध्ये (डिस्कची जागा वाटून देणाऱ्या सोयीत) उलट: स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली की स्नॅपशॉट बाद होतो, मूळ डेटा चालू राहतो. घेण्यापूर्वी विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारा: जागा संपली तर आधी कोण मरतं, स्नॅपशॉट की चालू काम? आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पण ३३७ टक्के हा आकडा तीन पडद्यांआड ठेवणं आणि त्याचा इशारा मूळ सेटिंगला बंद असणं हे मला मान्य नाही. गाडीच्या पेट्रोलचा काटा कुणी बॉनेटखाली बसवत नाही.

स्नॅपशॉटच्या संख्येची मर्यादा मात्र आम्हाला कधी आडवी आली नाही. नेटअ‍ॅपमध्ये त्यांच्या ओएनटॅप प्रणालीच्या ९.४ आवृत्तीपासून एका व्हॉल्यूमला १,०२३ चालतात, त्याआधी २५५ होते. विंडोज सर्व्हरच्या शेअर फोल्डरच्या शॅडो कॉपी (तिथले स्नॅपशॉट) ६४ वर थांबतात, तिथे तासातासाला घेणाऱ्यांनी बघून घ्यावं. आमचे तासाचे २४, रोजचे १४, आठवड्याचे ४, एकूण ४२.

इंजिनिअरचा दुसरा सल्ला होता ऑटो डिलीट चालू करायचा: जागा कमी पडली की जुने स्नॅपशॉट आपोआप जातील. फाइल शेअरवर आणि ईआरपीवर मी तो ठामपणे नाकारला. रॅन्समवेअर शिरलं तर ते फाइल्स एन्क्रिप्ट करून नव्याने लिहितं, स्नॅपशॉटची जागा काही तासांत फुगते, आणि ऑटो डिलीट नेमके जुने, चांगले स्नॅपशॉट उडवत सुटतं. त्यापेक्षा काम थांबलेलं परवडलं. आठवड्याचा स्नॅपशॉट आता ३० दिवस लॉक असतो. तो मी किंवा सर्व्हिसवालेही उडवू शकत नाही, म्हणून त्याची जागा हिशेबात आधीच पक्की धरली आहे.

मध्ये आमच्या ऑडिटरने स्नॅपशॉट १८० दिवस ठेवा असा शेरा मारला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश १८० दिवसांचं बोलतो ते लॉगबद्दल, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींबद्दल, स्नॅपशॉटबद्दल नाही. लॉग आम्ही वेगळ्या सर्व्हरवर ठेवतो, हे लिहून दिलं आणि शेरा निघाला.

बदल एवढेच केले: डंप दुसऱ्या, स्नॅपशॉट नसलेल्या व्हॉल्यूमवर हलवले, तिथून ते टेपवर जातात. ‘व्हॅक्यूम फुल’ बंद करून साधं व्हॅक्यूम ठेवलं, जे टेबल नव्याने लिहीत नाही. रिझर्व्ह ८० टक्के भरला की मोबाइलवर मेसेज येतो. आज ईआरपीचे स्नॅपशॉट १४ दिवसांचे असूनही ४०० जीबीच्या आसपास आहेत. शेल्फ घेतलेलं नाही.

बॉक्स परत घेईन का? हो, घेईन. वेग आणि त्या शुक्रवारची चार मिनिटं, दोन्ही खरी आहेत. पण एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नूतनीकरणाच्या पत्रात मी पहिली अट लिहिली आहे: निळ्या पट्टीत स्नॅपशॉटचा रंग वेगळा करा. त्यांचं उत्तर आलंय, ‘मागणी नोंदवून घेतली आहे’. तोवर दर बुधवारी संध्याकाळी मी तीन पडदे आत जाऊन तो आकडा वहीत उतरवून घेतो. काल ५१ टक्के होता.