अंडाशयाच्या गाठी आणि फ्रोझन सेक्शनची सेवा

मी ज्या रुग्णालयात अंडाशयाच्या गाठींच्या शस्त्रक्रिया करते, तेथील फ्रोझन सेक्शन सेवेविषयी, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीचा भाग गोठवून केल्या जाणाऱ्या तपासणीविषयी, हा अभिप्राय आहे. काढलेली गाठ फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) न बुडवता ताजीच प्रयोगशाळेत जाते. पॅथॉलॉजिस्ट तिचा संशयास्पद भाग निवडून क्रायोस्टॅटमध्ये (गोठवून काप घेण्याच्या यंत्रात) उणे 20 अंशांच्या आसपास गोठवतात, पातळ काप रंगवून पाहतात आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत निदान कळवतात. तोवर रुग्ण भुलीखालीच असते. गर्भाशय आणि दुसरे अंडाशय राखायचे की काढायचे, ओमेंटम (पोटातील आतड्यांवरचा चरबीचा पडदा) आणि लसिकाग्रंथींचे नमुने घ्यायचे की नाही, हे त्या निदानावर ठरत असल्याने, अजून मूल न झालेल्या तरुण स्त्रीसाठी त्या अर्ध्या तासाचे मोल फार मोठे आहे.

मात्र सगळ्याच उत्तरांवर सारखा भरवसा ठेवता येत नाही. 38 अभ्यासांतील अकरा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासणाऱ्या 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) कर्करोगासाठी फ्रोझनची संवेदनशीलता 90 टक्के आणि विशिष्टता 99.5 टक्के आढळली. म्हणजे फ्रोझनमध्ये कर्करोग दिसला, तर तो बहुतेक नेहमी खराच असतो. उलट दहा कर्करोगांमागे साधारण एक सौम्य किंवा बॉर्डरलाइन (सौम्य आणि कर्करोग यांच्या मधला) समजला जातो. खरी कसोटी ‘बॉर्डरलाइन’ या उत्तराची आहे, कारण त्यांपैकी 21 टक्के गाठी अंतिम तपासणीत कर्करोगाच्या ठरल्या. याचा दोष पॅथॉलॉजिस्टला देणे अन्यायाचे होईल. म्युसिनस (चिकट श्लेष्मा तयार करणाऱ्या) गाठी बऱ्याचदा खूप मोठ्या असतात, त्यांत सौम्य, बॉर्डरलाइन आणि कर्करोगाचे भाग शेजारीशेजारी सापडतात, आणि फ्रोझनसाठी त्यांतले मोजकेच तुकडे पाहता येतात. नंतरच्या पॅराफिनच्या (मेणात बसवून केलेल्या अंतिम) तपासणीत दर एक-दोन सेंटिमीटरमागे एक तुकडा घेता येतो.

आमचे पॅथॉलॉजिस्ट अशा वेळी ‘किमान बॉर्डरलाइन’ असे स्वतः फोनवर सांगतात, ही या सेवेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. विनंतीपत्र मात्र अपुरे आहे: स्कॅन, ट्यूमर मार्कर (गाठीचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचण्या) आणि आतड्याच्या किंवा अपेंडिक्सच्या जुन्या आजाराची नोंद करायला त्यात जागाच नाही, आणि तिथून पसरलेली गाठ अंडाशयाच्या मूळ म्युसिनस गाठीसारखीच दिसू शकते. ते पत्र बदलेपर्यंत मी ही माहिती आदल्या दिवशी प्रत्यक्ष सांगते. बॉर्डरलाइन उत्तर आल्यास राखता येईल ते राखायचे आणि अंतिम अहवालानंतर दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते, हेही रुग्णाशी संमतीच्या वेळीच बोलून घेते.