रेक्स बिगोनिया: पुण्याच्या गॅलरीत पावसाळा ते उन्हाळा

गेल्या पावसाळ्यात आणलेला रेक्स बिगोनिया पुण्यातला मे महिना काढून टिकलाय, म्हणून आता खात्रीने लिहिते. फुलांसाठी हे झाड घेऊ नका. फिकट गुलाबी तुरे येतात, मी ते दिसले की खुडते. खरं वैभव पानांचं: काठाला जांभळट काळा पट्टा, मधे चांदी, देठांवर लालसर लव. ही चांदी म्हणजे रंगद्रव्य नव्हे. पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांवरून उजेड परततो. सकाळच्या तिरप्या उन्हात पान हललं की झळाळी सरकताना दिसते.

मूळ जात आसामकडच्या दमट जंगलांतली, शास्त्रीय नाव १८५७ सालचं. नर्सरीत मिळतात ते बहुतेक तिचे संकर. आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात ओल्या कातळांवर बिगोनिया क्रेनाटा उगवतो. तिथे माती नावाला, पाणी लगेच निथळतं, हवा मात्र ओलीचिंब. रेक्सलाही तेच लागतं, आणि सगळी निगा त्यात आली.

याचं जाड खोड मातीवर आडवं रांगतं, म्हणून पसरट, उथळ कुंडी. मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), पालापाचोळ्याचं खत. वरचा थर बोटाला कोरडा लागला तरच पाणी. एरवी खोड सडतं. हवा दमट राहावी म्हणून कुंडीखाली खडी आणि पाण्याची ताटली ठेवते, बूड पाण्याला टेकू देत नाही. पानांवर फवारा मारणं मला पटत नाही. थंडीत एका पानावर भुरी (पांढरी बुरशी) आली, ते कापून टाकलं, कुंड्या लांब लांब ठेवल्या, पुढे पसरली नाही.

थंडीत नवी पानं थांबतात. घाबरून पाणी वाढवू नका, उलट कमी करा. एप्रिलच्या कोरड्या झळांनी पानांचे काठ करपले, तेव्हा कुंडी उत्तरेच्या खिडकीत आत घेतली. नवं पान पुन्हा स्वच्छ आलं. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे झाड गॅलरीत ठेवायचा विचारही करू नये.

सगळ्यात आनंद पानापासून रोपं करण्यात. पानामागच्या जाड शिरा ब्लेडने छेदायच्या, पान ओल्या कोकोपीटवर सुलटं टेकवायचं, वर पारदर्शक डबा. काही आठवड्यांनी छेदाजवळ गाठ धरते, मग मोहरीएवढं पान, आणि त्यावरही लव!

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर उंचावर ठेवा, खाल्लं तर त्यांना बाधतं. विकत घेताना पानांवर भाळू नका. खोड हलकेच दाबून बघा, मऊ लागलं तर दुसरी कुंडी मागा.