सीपॅप मशीन की जबडा पुढे धरणारं साधन? स्लीप अ‍ॅप्नियाचं निदान झालेल्यांसाठी

स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो ते पाहणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट हातात आला की नजर आधी एएचआयच्या आकड्यावर जाते. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा बंद पडला किंवा अडखळला, त्याची ही सरासरी. खंड किमान १० सेकंदांचा असेल तरच तो धरतात. मोठ्या माणसांत ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्याहून जास्त म्हणजे तीव्र. पण तेवढं वाचून रिपोर्ट मिटू नका. रक्तातला ऑक्सिजन किती खाली उतरला आणि दिवसा किती झोप येते, हेही निवडीत तितकंच मोलाचं आहे. चाचणी घरी केली असेल आणि लक्षणं ठळक असूनही आकडा कमी आला असेल, तर एक रात्र लॅबमध्ये झोपून पूर्ण चाचणी करावी. घरच्या चाचणीत आजार प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसू शकतो.

बहुतेकांना असतो तो ऑब्स्ट्रक्टिव्ह प्रकार. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि हवेची वाट मिटते. गुदमरलं की मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो, आणि सकाळी यातलं काहीच आठवत नाही. मशीन आणि जबड्याचं साधन, दोन्ही हीच वाट उघडी ठेवतात.

सीपॅपचा पहिला वापर सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये केला. मास्कमधून येणारी हवा सतत थोडा दाब देऊन घसा आतून उघडा धरते. दाब नीट बसला की कित्येकदा पहिल्याच रात्री एएचआय ५ च्या खाली येतो. इतका खात्रीचा परिणाम दुसऱ्या कुठल्याही साधनाचा नाही.

अडचण आहे ती मास्क रात्रभर तोंडावर ठेवण्याची. नाक कोरडं पडतं, कडेने हवा गळते, काहींना कोंडल्यासारखं होतं. यातल्या बऱ्याच तक्रारी सुटतात: हवा दमट करणारा ह्युमिडिफायर लावून, मास्कचा आकार बदलून, नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क घेऊन. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या त्रासावरून मशीन कपाटात टाकू नका. आधी मास्क बदलून पाहा.

जबड्याचं साधन दातांवर बसतं आणि खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरतं. त्याबरोबर जीभही पुढे येते. एएचआय सरासरीने साधारण निम्म्यावर येतो. काहींना पुरता आराम पडतो, काहींना फारसा नाही, आणि हे आधी सांगणं कठीण असतं. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा दुखतो. वर्षानुवर्षं वापरल्यावर दात थोडे सरकून वरच्या-खालच्या दातांची जुळणी बदलू शकते. पुरेसे पक्के दात नसतील किंवा जबड्याच्या सांध्याचा मोठा त्रास असेल, तर हा मार्ग नाही. घ्यायचंच तर दातांच्या डॉक्टरांकडून मापाचं करून घ्या. गरम पाण्यात मऊ करून घरी बसवायची तयार साधनं नीट बसत नाहीत, आणि घोरणं थांबलं म्हणून अ‍ॅप्निया थांबला असा गैरसमज त्यातून होतो.

आता तासांचा हिशेब मांडू. एएचआय ४० आहे आणि झोप सात तासांची. मशीन साडेतीन तासच लावलं, तर अर्धी रात्र स्वच्छ आणि अर्धी ४० ची, सरासरी २०. साधनाने आकडा निम्मा केला आणि ते रात्रभर तोंडात राहिलं, तरी सरासरी २०. ऑस्ट्रेलियातल्या २०१३ च्या अभ्यासात असंच काहीसं दिसलं. एका महिन्यानंतर सीपॅपवर एएचआय सरासरी ४.५ होता, साधनावर ११.१, पण वापर अनुक्रमे ५.२ आणि ६.५ तास, आणि रक्तदाबावरचा परिणाम जवळपास सारखाच. तरी एक फरक विसरू नये. बरेच जण मास्क पहाटे काढतात, आणि आरईएम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, त्याच वेळी जास्त असते, ज्यात अनेकांचा अ‍ॅप्निया बळावतो.

म्हणून माझं मत असं. आजार तीव्र असेल, ऑक्सिजन फार उतरत असेल किंवा गाडी चालवताना डुलकी लागत असेल, तर सीपॅपच आधी, आणि तो अंगवळणी पाडण्यासाठी मनापासून झटावं. सौम्य किंवा मध्यम आजारात जबड्याचं साधन ही कमअस्सल निवड नव्हे. मशीन प्रामाणिकपणे वापरूनही जमत नसेल, तर तीव्र आजारातही काहीच न करण्यापेक्षा साधन कितीतरी बरं. मेंदूकडूनच श्वासाचा आदेश चुकतो त्या सेंट्रल प्रकारात मात्र जबडा पुढे ओढून उपयोग नाही.

काहीही निवडलं तरी वजन जास्त असल्यास ते उतरवणं, उताणं न झोपणं आणि झोपण्यापूर्वी दारू टाळणं सोबत चालू ठेवा. लठ्ठपणासह मध्यम किंवा तीव्र अ‍ॅप्निया असलेल्यांसाठी टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रिया आणि जिभेच्या नसेला चेतना देणारं उपकरण हे मार्ग सहसा मशीन जमलं नाही की विचारात येतात.

सीपॅप वापराचे तास आणि उरलेला एएचआय स्वतः नोंदवतो. डॉक्टरांकडे ती नोंद घेऊन जा. जबड्याचं साधन सहसा असं काही सांगत नाही, म्हणून ते नीट जुळवल्यावर तोंडात ठेवूनच पुन्हा स्लीप स्टडी करून घ्या.